हयातीचा दाखला

नोव्हेंबर लागला की आमच्या नाशिक जिल्ह्यात दोन गोष्टी ठरलेल्या असतात. एक म्हणजे वर्तमानपत्रात निफाडचा पारा छापून येऊ लागतो आणि चांदवडच्या एस. टी. स्टँडवर कानाला मफलर गुंडाळलेली माणसे चहाच्या गाडीभोवती उभी राहून ‘आज निफाड किती?’ असे एकमेकांना विचारू लागतात. दुसरी म्हणजे बँकेत पेन्शनरांची रांग लागते. आपण जिवंत आहोत, हे वर्षातून एकदा प्रत्येक पेन्शनरला लिहून द्यावे लागते. त्या कागदाला हयातीचा दाखला म्हणतात. नोकरीच्या काळात मी अशा किती दाखल्यांवर शिक्का मारला असेल त्याची गणती नाही. त्यातला एक मात्र अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

गोष्ट १९९२ सालची. मी तिशीत होतो, चांदवडच्या शाखेत नुकताच अधिकारी म्हणून आलो होतो आणि नियम या शब्दावर माझा फार विश्वास होता. रांगेत एक म्हातारे गृहस्थ उभे होते. धोतर, पांढरी टोपी, अंगात विटलेला खाकी लोकरी स्वेटर, हातात काठी. डावा पाय किंचित ओढत चालत. दुसऱ्या महायुद्धात जखमी झाल्याबद्दल त्यांना लहानशी पेन्शन मिळत असे. गावात सगळे त्यांना फौजीबाबा म्हणत. त्यांची सही रोमन अक्षरांत होती, याचे आम्हा सर्वांना नवल वाटे. त्या दिवशी त्यांचा हात कापत होता. सही नमुन्याशी जुळेना.

मी म्हणालो, “बाबा, सही जुळत नाही. त्यापेक्षा अंगठा लावून टाका. पुढच्या वेळी त्रास नको.”

“अंगठा नाही लावणार साहेब,” ते शांतपणे म्हणाले. “मी सही शिकलोय.”

“मग मला काही करता येणार नाही.”

मागे रांग खोळंबली होती. त्यांनी कागदाची घडी केली, स्वेटरच्या आत ठेवली आणि काठी टेकत ते निघून गेले. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. दुकानदाराची उधारी कोणाच्या घरी नसते? पण ते माझ्या डोक्यातही आले नाही.

तिसऱ्या दिवशी ते पुन्हा आले. बरोबर नातवाची शाळेची वही होती. वहीची चार पाने त्यांनी स्वतःच्या सह्यांनी भरून काढली होती. पहिल्या पानावरची अक्षरे वेडीवाकडी होती, चौथ्या पानावर ती ताठ उभी राहिली होती. माझ्यासमोर त्यांनी दाखल्यावर सही केली आणि विचारले, “आता आहे का साहेब जिवंत?” त्यांच्या आवाजात रागाचा लवलेशही नव्हता, म्हणूनच तो प्रश्न जास्त लागला.

त्या रविवारी मी त्यांच्या मळ्यात गेलो. माफी मागायला गेलो होतो असे आज म्हणायला बरे वाटते, पण खरे कारण आणखी एक होते. मी तेव्हा नुकताच लिहायला लागलो होतो आणि युद्धावर कादंबरी लिहावी असे मनात होते. घरबसल्या नायक सापडला, असा तो हिशेब होता.

मळा गावाबाहेर होता. ओट्यावर बसले की समोर चांदवडचा किल्ला आणि सातमाळ्याची रांग दिसे, खाली गावात अहिल्याबाई होळकरांच्या रंगमहालाच्या भिंती, आणि आग्रा रोडवरच्या ट्रकचा आवाज सतत कानावर येई. फौजीबाबांनी घोंगडी अंथरली, आत चहाला सांगितले. मी वही उघडली आणि विचारले, “बाबा, लढाई कशी असते?”

ते थोडा वेळ विचार करून म्हणाले, “ओली.”

हे उत्तर मी वहीत लिहिलेसुद्धा नाही.

पुढे वर्षभर मी जात राहिलो. ते मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये होते. तिला जुनी माणसे जंगी पलटण म्हणतात. ही बटालियन आठव्या भारतीय डिव्हिजनबरोबर इटलीत लढली. १९४३ च्या सप्टेंबरात ही डिव्हिजन इटलीच्या दक्षिण टोकाला तारांतो बंदरात उतरली आणि १९४५ च्या मेपर्यंत नदी ओलांड, डोंगर चढ, पुन्हा नदी ओलांड असे करत उत्तरेला सरकत राहिली. इटलीचा नकाशा पाहिला तर कारण कळते. मधोमध अपेनाइन पर्वताचा कणा आहे आणि त्याच्या फासळ्यांसारख्या नद्या समुद्राकडे उतरतात. उत्तरेकडे जाणाऱ्या फौजेला प्रत्येक नदी आडवी येते. एक मागे टाकली की पलीकडच्या काठावर जर्मन पुन्हा तयार बसलेले.

१९४४ चा पावसाळा आणि हिवाळा अपेनाइनमध्ये गेला. फौजीबाबांच्या आठवणीत त्या काळातल्या चकमकींपेक्षा चिखल जास्त होता. बूट चिखलात रुतून पायातून निघत. मोजे सुकवायला जागा नसे, म्हणून ते पोटाशी धरून झोपायचे. मोटारी जिथे थांबत तिथून पुढे खेचरे. पीठ, डाळ, दारूगोळा, पत्रे सगळे खेचरांच्या पाठीवर वर जाई आणि येताना त्याच पाठीवरून जखमी खाली येत. “खेचराला कळायचं साहेब, वाट कुठं ढासळलीय ते. आमच्या सुभेदारापेक्षा खेचरावर भरवसा जास्त,” असे म्हणून ते हसत. जेवण चपाती, डाळ, कधी बकऱ्याचे मटण. चहा मात्र भरपूर. पुढच्या मोर्च्यावर दिवसा हलता येत नसे, म्हणून जेवण रात्री डब्यांतून अंधारात पोचवायचे. पोचेपर्यंत डाळ गार होऊन तिच्यावर तुपाची साय धरलेली असायची.

इटलीतली माणसे त्यांना आवडली होती. शेतकरीच ती. द्राक्षाचे वेल, जनावरांचा गोठा, घराबाहेर दगडी भट्टी. त्यांच्याकडे भाकरीसारख्या पावाला ‘पाने’ म्हणतात. एका म्हातारीने पहिल्यांदा ‘पाने, पाने’ म्हटले तेव्हा हे झाडाकडे पाहू लागले. मग तिने फडक्यातून पाव काढून दिला. त्यांनी तिला चहापत्ती आणि साखर दिली. त्या म्हातारीचा मुलगाही कुठल्यातरी मोर्च्यावर बेपत्ता होता. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, तरी हे त्यांना कळले होते.

घरची पत्रे हा एक वेगळाच अध्याय. फौजेत त्या काळी शिपायांना रोमन अक्षरांत हिंदुस्थानी लिहायला शिकवत. बाबा तिथेच साक्षर झाले. पण ते पत्र इथे वाचणार कोण? गावात एकच मास्तर होते त्यांना ती अक्षरे लागत. शिवाय पत्र आधी सेन्सॉरच्या टेबलावरून यायचे, त्यामुळे कुठे आहोत, काय चालले आहे, काही लिहायची सोय नव्हती. मग उरते काय? ‘मी खुशाल आहे, विहिरीला पाणी आहे का, बैल विकू नये.’ बाबांची आई ते पत्र मास्तरांकडून तीन-तीन वेळा वाचून घेई आणि मुलगा जिवंत आहे एवढेच त्यातून घेई. बँकेत आल्यापासून मी अशा दाखल्यांवर शिक्के मारत होतो. हा दाखला जरा निराळा होता.

वर्षाच्या शेवटी मी कादंबरीची पहिली दोन प्रकरणे त्यांना वाचून दाखवली. त्यात माझा नायक हातात मशीनगन घेऊन टेकडी चढत होता. बाबांनी शेवटपर्यंत ऐकले. मग म्हणाले, “चांगलं आहे. सिनेमा निघेल.” आणि थोडे थांबून, “पण माझ्या पेन्शनीच्या कागदावर लढाईत जखमी असं लिहिलंय ना, त्या रात्री मी चहा नेत होतो.”

ही हकिकत त्यांनी तोपर्यंत सांगितली नव्हती. १९४५ चा मार्च. जागा सेनिओ नदी. ही नदी फार रुंद नाही, पण पुराचे पाणी शेतात शिरू नये म्हणून दोन्ही बाजूंना उंच मातीचे बांध घातलेले आहेत. त्या बांधांच्या पोटात जर्मनांनी बिळे खोदून मशीनगना बसवल्या होत्या. काही ठिकाणी एकाच बांधाच्या अलीकडच्या उतारावर आपले आणि पलीकडच्या उतारावर ते, इतके जवळ की खोकला ऐकू यावा. अशा जागी आठवडेच्या आठवडे बसून राहायचे. बाबा आणि आणखी एकजण पाठीवर चहाचा डबा घेऊन अंधारातून पुढे निघाले होते. तोफगोळ्याचा तुकडा बाबांच्या पायाला लागला. दुसरा जागीच गेला. बाबा म्हणाले, “डबा पालथा झाला. मला रक्ताआधी गरम चहा लागला अंगाला. मनात पहिला विचार आला, आता पोरांना चहा मिळणार नाही.”

ते इस्पितळात असताना ९ एप्रिल १९४५ उजाडला. आधी विमानांचा आणि तोफांचा भडिमार झाला आणि संध्याकाळी आठवी भारतीय डिव्हिजन सेनिओ ओलांडायला निघाली. बाबांच्याच बटालियनमधले शिपाई नामदेव जाधव कंपनीचे निरोप्ये होते. गाव निमज, तालुका संगमनेर, म्हणजे आमच्या शेजारच्याच, आता अहिल्यानगर झालेल्या जिल्ह्यातले. पलीकडच्या बांधावरून मशीनगनांचा मारा सुरू झाला आणि त्यांच्या तुकडीतले बहुतेक पडले. जाधवांनी एका जखमीला उचलून खोल पाण्यातून, उभ्या चढावरून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित जागी पोचवले. मग परत जाऊन दुसऱ्याला आणले. तिसऱ्यांदा गेले ते मशीनगनांवर. हाताला गोळी लागून बंदूक चालवता येईना तेव्हा ती टाकून त्यांनी हातबॉम्ब घेतले, तीन ठाणी बंद पाडली आणि बांधावर उभे राहून शिवाजी महाराजांच्या जयजयकारात मागच्यांना पुढे बोलावले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. १९८४ मध्ये ते वारले.

त्याच संध्याकाळी, त्याच नदीवर आणखी एका भारतीय शिपायाला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. अली हैदर, फ्रंटियर फोर्स रायफल्स, गाव कोहाटकडचे. पुढे अडीच वर्षांच्या आत देशाचे दोन तुकडे झाले आणि एका नदीवर एका रात्री लढलेले हे दोघे दोन देशांचे वीर झाले.

त्याच्या आधीच्या वर्षी, १० जुलै १९४४ रोजी, वरच्या टायबर खोऱ्यात तिसऱ्या बटालियनचे नाईक यशवंत घाडगे असेच एकटे मशीनगनच्या ठाण्यावर चालून गेले. त्यांनी ते ठाणे घेतले आणि तिथेच त्यांना मरण आले. वय बावीस. रायगड जिल्ह्यात माणगावला त्यांचा पुतळा आहे. इटलीत मोंतोने नावाच्या छोट्या गावाने २०२३ च्या जुलैत त्यांच्या नावाने एक सूर्यघड्याळ उभारले. आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचे वचन त्यावर कोरले आहे. इटलीच्या लढाईत सुमारे ५० हजार भारतीय होते, त्यांतले ५,७८२ परत आले नाहीत. फोर्ली गावाजवळच्या भारतीय सैन्याच्या स्मशानभूमीत सुमारे आठशे नावांचे एक स्मारक आहे. ज्यांच्यावर त्यांच्या धर्माप्रमाणे अग्निसंस्कार झाले, त्यांची ती नावे.

एवढे सगळे असूनही आपल्या गावांत या माणसांविषयी एक अवघडलेले मौन होते. त्याचे कारण समजण्यासारखे आहे. १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या गवालिया टँकवर ‘छोडो भारत’चा ठराव झाला, गावोगावचे तरुण तुरुंगात गेले. त्याच वेळी दुसरे तरुण इंग्रजांच्या गणवेशात आगबोटीत चढत होते. एकाच घरातला एक भाऊ तुरुंगात आणि एक फौजेत असेही झाले. त्या युद्धात भारतीय सैन्यात सुमारे २५ लाख माणसे होती आणि कायद्याने कोणावर सक्ती नव्हती. मग ते का गेले? मी बाबांना हे विचारले तेव्हा त्यांनी मळ्यातल्या विहिरीकडे बोट दाखवले. “त्या वर्षी हिच्यात पाणी नव्हतं.” १९४६ साली ते परत आले तेव्हा मनमाड स्टेशनवर कोणी हार घेऊन उभे नव्हते. गावात काहींनी त्यांना गोऱ्यांचा शिपाई म्हटले. ते बोलणे त्यांनी ऐकून घेतले आणि दुसऱ्या दिवशी नांगर धरला.

स्वातंत्र्यसैनिकांच्या त्यागाला कमी लेखण्याचा प्रश्नच नाही. पण ज्याने विहीर कोरडी म्हणून बंदूक धरली आणि मुसोलिनी-हिटलरच्या फौजांपुढे उभे राहून चहाचा डबा वाहिला, त्याला कोणत्या खात्यात जमा करायचे? बँकेच्या भाषेत सांगायचे तर आपण ही रक्कम सस्पेन्स खात्यात टाकून ठेवली. कोणाची ते ठरत नाही तोवर तिथेच पडू द्यायची आणि पुढे खातेदारच उरत नाही.

मध्यंतरी मी फिनलंडच्या युद्धाविषयी वाचत होतो. निफाडचा पारा वाचून हुडहुडणाऱ्या आपल्यासारख्यांना कल्पना यायची नाही अशी ती थंडी, शून्याखाली ४० अंश. ३० नोव्हेंबर १९३९ ला सोव्हिएत फौजा त्या चिमुकल्या देशात शिरल्या. १०५ दिवस लढाई झाली. नंतर १९४१ ते १९४४ पुन्हा युद्ध, या खेपेला जर्मनीच्या बाजूने. म्हणजे त्यांचाही हिशेब सरळ नव्हता. करेलियाचा प्रांत गेला आणि चार लाखांवर माणसांना घरे सोडावी लागली. मला त्या पुस्तकात सर्वांत जवळचे वाटले ते मोर्चा थंडावल्यानंतरचे दिवस. १९४२ पासून जवळजवळ दोन वर्षे समोरासमोर खंदकांत बसलेल्या त्या शिपायांनी लाकडाचे पेले, दिवे, पेट्या कोरल्या. पडलेल्या विमानाच्या ॲल्युमिनियमच्या अंगठ्या घडवल्या. जमिनीखालच्या लाकडी खोल्यांत ते राहत आणि मोर्च्यामागे वाफेच्या स्नानाची खोलीही बांधत.

ते वाचताना मला बाबांची चुन्याची डबी आठवली. दुधाच्या डब्याचा पत्रा ठोकून त्यांनी ती सेनिओच्या काठी केली होती. झाकणावर खिळ्याने एक बैल काढला होता. मी ती शंभरदा पाहिली असेल, चुना मागण्यापलीकडे तिच्याविषयी कधी विचारले नव्हते.

फिनलंडमध्ये त्या शिपायांच्या वस्तू संग्रहालयांत आहेत. वायनो लिन्ना नावाच्या, गिरणीत काम करणाऱ्या एका माजी सैनिकाने १९५४ मध्ये ‘अज्ञात सैनिक’ ही कादंबरी लिहिली. १९८७ पासून दर २७ एप्रिलला तिथे माजी सैनिकांचा दिवस पाळतात. हरलेल्या, चुकीच्या मित्राबरोबर लढलेल्या युद्धातल्या माणसांनाही त्या देशाने आपले म्हटले. युद्ध बरोबर की चूक याचा वाद त्यांच्याकडेही आहे, पण तो वाद त्यांनी म्हाताऱ्या शिपायाच्या दारात उभे राहून घातला नाही.

आपल्याकडे पहिल्या महायुद्धात किती माणसे गेली ते सांगणाऱ्या संगमरवरी पाट्या काही गावांत आहेत. दुसऱ्या महायुद्धातून आलेली माणसे आता जवळजवळ सगळी गेली. पण त्यांच्या ट्रंका घरांत आहेत. त्यात डिस्चार्ज बुक असेल, इटली स्टार असेल, रोमन अक्षरांतले एखादे पत्र असेल. पदके बोहारणीच्या टोपलीत जाताना मी स्वतः पाहिली आहेत. घरातल्या आजीला विचारा, आजोबा कोणत्या पलटणीत होते. शाळेच्या मास्तरांनी मुलांना गावातल्या घरोघरी पाठवून एक यादी करायला काय हरकत आहे? त्यासाठी ना सरकारी अनुदान लागते, ना समिती. एक वही पुरते. आणि विचारताना पराक्रम तेवढा विचारू नका. काय खाल्ले, कुठे झोपला, मोजे कसे वाळवले हेही विचारा. मी ते विचारायला फार उशीर केला.

बाबा १९९८ च्या पावसाळ्यात गेले. त्या नोव्हेंबरात त्यांच्या खात्याच्या कागदावर मी ‘मयत’ असा शेरा लिहिला आणि खाली सही केली. माझी कादंबरी अर्धीच राहिली. पुढे दुसऱ्या कादंबऱ्या लिहिल्या, पण त्या दोन प्रकरणांना पुन्हा हात लावायचे धाडस झाले नाही.

आता मीही पेन्शनर आहे. हयातीचा दाखला हल्ली संगणकावर होतो. २०१४ पासून ही सोय आहे. गेल्या नोव्हेंबरात चांदवडच्या बाजारपेठेतल्या एका सेवा केंद्रात गेलो. काउंटरवरच्या मुलाने एक छोटे यंत्र पुढे सरकवले आणि म्हणाला, “काका, अंगठा ठेवा.”

मी ठेवला. यंत्राने तो घेतला नाही. म्हातारपणी बोटांच्या रेषा पुसट होतात. मुलगा समजूतदार होता. “असू द्या काका,” तो म्हणाला, “बोट पुसून पुन्हा एकदा करू. घाई नाही.” त्याने तीनदा प्रयत्न केला, मागची रांग थांबवून ठेवली, आणि तिसऱ्यांदा माझी हयाती सिद्ध झाली. घरी येताना वाटेत उभा राहून मी किल्ल्याकडे पाहिले. त्या १९९२ च्या सकाळी एवढेच वाक्य म्हणायला मला काय झाले होते?